थांबण्याचं वेळापत्रक

माझे काका रेल्वेच्या मुख्य कचेरीत वेळापत्रकं आखायचे. गल्लीत त्यांना सगळे मिनिटकाका म्हणत. 'येतो थोड्या वेळात' असं ते कधी म्हणत नसत. 'सात मिनिटांत येतो' म्हणत, आणि येतही. शिक्षणासाठी मी त्यांच्याकडे सहा वर्षं राहिले, म्हणून हे सगळं मला जवळून पाहायला मिळालं.

कचेरीत त्यांचं टेबल पलंगाएवढं लांब होतं. त्यावर पसरलेल्या कागदावर वरच्या कडेला तास, डाव्या कडेला स्टेशनं, आणि मध्ये पेन्सिलीच्या तिरप्या रेघा. एक रेघ म्हणजे एक गाडी. दोन रेघा भलत्या ठिकाणी छेदल्या, की तिथे टक्कर.

मी यायच्या कितीतरी आधी लष्कराचे एक कर्नल त्यांच्याकडे आले होते. युद्ध लागलं तर घरोघरचे राखीव सैनिक गोळा करून सरहद्दीवर पोचवायचे, याला ते जमवाजमव म्हणत. शेजारच्या देशाला त्याला पंधरा दिवस लागतात, आपलं काम तेरा दिवसांत व्हायला हवं, एवढंच त्यांचं मागणं. काकांनी दोन वर्षं खपून सहाशे बेचाळीस गाड्या बसवल्या. एक मिनिट रिकामं ठेवलं नाही. कागद पाकिटात घालून मोहोर लावली आणि कपाटात ठेवला. दर वर्षी तो काढून नवे पूल, नवे रूळ त्यात भरायचे. "लागणार नाहीच कधी, पण काम चोख झालंय," असं काकूंना सांगताना त्यांचा आवाज जरा सैल व्हायचा.

मग एका उन्हाळ्यात कुठल्याशा दूरच्या शहरात एका राजपुत्राला कुणीतरी गोळी घातली.

"तिकडे कोणी कोणाला मारलं, त्याचं आपल्याला काय?" काकूंनी जेवताना विचारलं.

काकांनी पाण्याचे पेले ओळीत मांडले. "हा राजपुत्राचा देश. हा छोटा, ज्याच्यावर त्यांचा संशय. छोट्याच्या पाठीशी हा मोठा. याला म्हणायचं आघाडी. तुझ्यावर कोणी हात टाकला तर मी धावून येईन, असा करार. राजपुत्राच्या देशाची तशीच आघाडी आपल्या शेजाऱ्याशी, आणि आपली या मोठ्याशी."

"म्हणजे भांडण दोघांचं आणि बाह्या सगळ्यांनी सरसावायच्या."

"शिवाय दहा वर्षं जो तो दुसऱ्याकडे बघून तोफा वाढवतोय."

"मग त्या गंजू द्यायला कोण तयार होणार?" काकू म्हणाल्या, आणि पाणी प्यायला त्यातलाच एक पेला उचलला.

तीन आठवडे वर्तमानपत्रं 'मिटेल, मिटेल' म्हणत राहिली. मग राजपुत्राच्या देशाकडून छोट्याला अंतिम इशारा गेला : अठ्ठेचाळीस तासांत अटी माना, नाहीतर युद्ध. त्या दुपारी तेच कर्नल कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर काकांकडे आले. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. पुढचं बोलणं काकांनी आम्हांला शब्दन् शब्द सांगितलं.

"मंत्री विचारतायत, गाड्या सुटल्या आणि बोलणी जमली, तर दोन दिवस थांबवता येतील का?"

"नाही," काका म्हणाले. "एक थांबली की मागच्या बावीस अडतात. माणसं एकीकडे, घोडे दुसरीकडे, अन्न तिसरीकडे. शेजाऱ्याने त्या वेळी हल्ला केला तर आपण रुळांवरच सापडू."

"थांबण्याचं वेगळं वेळापत्रक नाही?"

"ते मला कोणी मागितलं नव्हतं."

कर्नलांनी टोपी उचलली. "त्यांच्याकडेही नसेल," म्हणाले आणि जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी जमवाजमवीचा हुकूम आला आणि पाकीट उघडलं.

युद्ध काकांच्या कागदामुळे लागलं नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. "मागितलं नव्हतं हे खरं," ते काकूंना म्हणाले, "पण मला सुचायला काय झालं होतं?"

काकांची मुलगी, माझी ताई, हिचा नवरा पाव भाजायच्या भट्टीवर कामाला होता. त्याला बोलावणं आलं. गाडी चारशे अठरा, सकाळी नऊ चाळीस. आम्ही सगळे फलाटावर गेलो. भावजींच्या नखांत अजून पीठ होतं. "सहा आठवड्यांत परत येतो," ते म्हणाले. तेव्हा सगळेच तसं म्हणत होते. काका घड्याळाकडे बघत होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच, एखादी गाडी उशिरा सुटावी असं मनात आणलं असेल. ती नऊ चाळीसला सुटली.

सहा आठवड्यांची चार वर्षं झाली. दोन्ही फौजा समोरासमोर खंदक खणून जमिनीत बसल्या, आणि मैलभर पुढे सरकायला हजारो माणसं मरू लागली. समुद्रावर नाकेबंदी झाली, म्हणजे बंदरात जहाज येऊ द्यायचं नाही. मग साबण गेला, साखर गेली, कोळसा गेला. तटस्थ म्हणवणारे देश एकेक करून ओढले गेले. दुसऱ्या खंडांतली माणसं, ज्यांना भांडणाचं कारणही ठाऊक नव्हतं, ती लढायला आणली गेली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं.

काका रोज काम संपलं की तासभर मागे थांबत. फौज परत आणायचं वेळापत्रक आखत. साहेब हसले, "मिनिटकाका, आधी जिंकू तर द्या." काका म्हणाले, "जिंकलो किंवा हरलो तरी माणसं घरीच यायचीत." जखमींच्या गाड्या आधी, मोठ्या कुटुंबांतले कर्ते त्यानंतर, आणि प्रत्येक मोठ्या स्टेशनावर गरम पाण्यासाठी वीस मिनिटं. ताईची आणि भावजींची पत्रं येत जात होती. दुसऱ्या वर्षी दोन महिने भावजींचं पत्र आलं नाही, तेव्हाही काकांनी रेघा मारणं सोडलं नाही.

शेवटी शस्त्रसंधी झाली. तह नव्हे, नुसतं दोन्हीकडून गोळीबार थांबवायचं ठरलं. कचेरीत एकच धावपळ. परतीचा विचार कोणीच केला नव्हता. काकांनी गुंडाळी पुढे ठेवली. तरी ती जशीच्या तशी चालली नाही. अकरा पूल राहिलेच नव्हते. आणि माणसं इतकी कमी भरली की काही गाड्या रद्द कराव्या लागल्या. त्या रेघा खोडताना काका पहिल्यांदा रडले. साहेबांनी दार लोटून घेतलं आणि तेही शेजारी बसून राहिले.

भावजी फेब्रुवारीत आले, दोन तास दहा मिनिटं उशिरा. एका कानाने ऐकू येत नव्हतं. महिनाभर ते काकांशी बोलले नाहीत. मग एकदा पाव घेऊन आले आणि म्हणाले, "येताना प्रत्येक ठिकाणी गरम पाणी मिळालं. पोरं विचारत होती, हे कोणी सुचवलं म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"माझे सासरे म्हणालो."

काकांनी पुढे नऊ वर्षं नोकरी केली. त्यांच्या गाड्या जरा सुस्त, अशी कचेरीत कुरकुर असे, कारण दर तासाला ते चार मिनिटं मोकळी सोडत. वरून विचारणा आली की उत्तर एकच : काही झालं तर थांबायला जागा हवी.