काशच्या पुढचा थांबा

बसमध्ये चढले की ते आधी शेजारच्या जागेवर रुमाल टाकायचे आणि मग स्वतः बसायचे. पांढरा, इस्त्रीची घडी न मोडलेला रुमाल. अख्खी बस रिकामी असली तरी. आणि कोरोनाच्या त्या पहिल्या वसंतात बस रिकामीच असायची. ड्रायव्हरच्या मागच्या जागांना लाल-पांढरी पट्टी बांधलेली, चढायचं मागच्या दाराने, अत्यावश्यक काम असेल तरच बाहेर पडायचं. अशा बसमध्ये जागा बळकावायला कोण येणार होतं? मी एकदा विचारलंच.

"कोणासाठी हो, भाऊजी?"

"हिच्यासाठी. समुद्राकडची खिडकी लागते तिला."

आता आम्ही उइटहॉर्नहून बाडहूव्हडॉर्पला निघालेलो. त्या वाटेवर कसला समुद्र? काचेची हरितगृहं आणि पुढे विमानतळ.  पण खोटं कशाला सांगू, पूर्ण रस्ताभर त्या रुमालाकडे पाठ करून बसायचा धीर मला झाला नाही.

मी इथे परदेशात मुलाकडे राहते, उइटहॉर्नला. आमच्या ओळीतलं शेवटचं घर या भाऊजींचं. तरुणपणी पुण्याहून इथल्या विद्यापीठात संशोधनाला आले, निवृत्त झाले, इथेच राहिले. मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नीला मी ताई म्हणायची. ताईंना विसरायचा आजार झाला, तेव्हा त्यांना बाडहूव्हडॉर्पच्या एका वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. हे रोज जात, दुपारभर बसत. मग कोरोना आला आणि आश्रमाचं दार बंद झालं. आत कोणालाही प्रवेश नाही. काचेबाहेर उभं राहून बघायचं आणि फोनवर बोलायचं, एवढीच मुभा.

ताई सगळं विसरल्या होत्या. पुणं, लग्न, नवऱ्याचं नाव, सगळं. फक्त एक प्रवास राहिला होता. दोघांनी पाठीला पिशव्या लावून तुर्कस्तानच्या किनाऱ्याने बसने केलेला, अंतालियाहून पश्चिमेकडे. त्या प्रवासातल्या शेजारच्या माणसाला त्या ओळखत होत्या. तो माणूस म्हणजे हे. म्हणून हे रोज तीच पाठपिशवी लावून काचेसमोर उभे राहायचे आणि तो प्रवास सांगायचे. दिवसाला एक थांबा.

त्यांना ऐकू कमी यायचं आणि सांगताना दोन्ही हात लागायचे, म्हणून फोन धरायला मी जाऊ लागले. सून म्हणाली, "आई, तुमचं काय अत्यावश्यक आहे तिथे?" मी म्हटलं, "फोन धरणं."

तुम्ही ते पाहायला हवं होतं. हे हवेत स्टिअरिंग फिरवायचे. "आलं वळण, घट्ट धर," म्हणत डावीकडे कलायचे आणि काचेपलीकडे चाकाच्या खुर्चीत ताईही डावीकडे कलायच्या. मागे उभी असलेली नर्सही नकळत कलायची. ती सुरिनामची, पूर्वज भारतातून तिकडे गेलेले, तिची हिंदी निराळीच, पण मला कळायची.

अंतालियाची गोष्ट तर रोज सुरुवातीला ठरलेली. तिथल्या बसस्थानकावर गर्दी बघून यांनी आपल्या एसटीसारखा खिडकीतून आत रुमाल टाकला, जागा धरली. तर आतला म्हातारा तो रुमाल घेऊन धावत खाली आला, यांच्या हातात दिला, छातीवर हात ठेवून वाकला आणि परत जाऊन त्याच जागेवर बसला. "आणि आपण फिनिकेपर्यंत उभे," हे म्हणायचे. ताई फोनमध्ये हसायच्या. "अहो, किती वेंधळे तुम्ही." रोज सांगा, रोज तितक्याच हसायच्या.

फिनिकेची संत्री झाली. देम्रेच्या कड्यातली थडगी झाली. ती मी चित्रात पाहिलीत. आपल्या लेण्यांसारखी डोंगरात कोरलेली, दारं-खांब सगळं घरासारखं, पण मेलेल्यांसाठी. हे सांगायचे की खाली बस थांबते, लोक टोमॅटोच्या पेट्या चढवतात आणि वरून ती दारं बघत असतात. ते ऐकून परत येताना बसमधून विमानतळ दिसला. धावपट्टीवर विमानं शेपटाला शेपूट लावून उभी, इंजिनांच्या तोंडांवर झाकणं. एकही हलत नाही. भाऊजी खिडकीकडे बघत हळूच म्हणाले, "तशीच दिसतात." मी त्यांना म्हटलं, असलं बोलू नका.

आता त्यांची अडचण ऐका. त्यांचा खरा प्रवास काश नावाच्या गावी संपला होता. तिथे ताईंचा पाय मुरगळला आणि दोघं माघारी फिरले. काशच्या पुढचा रस्ता यांनी पाहिलेलाच नव्हता.

"मग परत पहिल्यापासून सांगा की," मी म्हटलं.

"केलं सुरू. ती म्हणते, हे झालंय, पुढे चला." ते बसच्या काचेवर बोट घासत राहिले. "वहिनी, प्रवास संपला तर मी तिचा कोण?"

म्हणून त्यांनी पुढचा थांबा स्वतःच रचला. काशच्या पुढे एक लहान गाव. डावीकडे चहाची टपरी, एक चिंच, बास. चिंच तिकडे होते की नाही देव जाणे. मी हसले, तेही हसले. ताईंनी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी यांनी तोच थांबा पुढे न्यायला घेतला. "डावीकडे ती टपरी—"

"टपरी उजवीकडे," ताई म्हणाल्या. "डावीकडे उतार आहे. खाली पाणी."

हे थांबले. "बरं, उजवीकडे."

"आणि चिंच नाही ती. हिरव्या दाराचं घर आहे. अंगणात मिरच्या वाळत घातल्यात. बाई म्हणते, आभाळ आलंय, उचलू लागा."

फोन माझ्या हातात होता. तो आवाज मला अगदी जवळून ऐकू येत होता. ताई इतकं सलग बोलल्याचं कित्येक महिन्यांत मी ऐकलं नव्हतं. भाऊजींचे स्टिअरिंगवरचे हात तसेच हवेत राहिले.

परतताना ते म्हणाले, "वहिनी, ते गाव मी बनवलं. काल, भाजी चिरताना. तिला तिथलं कसं माहीत?"

मी म्हटलं, आजारात माणूस काहीही बोलतं. पण माझं मलाच पटलं नव्हतं.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा ताई काचेपाशी बसून पाण्याच्या ग्लासात बोटं बुडवत होत्या. एकेक बोट बाहेर काढायचं, फुंकर घालायची, परत बुडवायचं. डोळे लाल. नर्सने फोनवर मला सांगितलं, सकाळपासून बोटांची आग आग म्हणतात, डोळे चोळतात, रडतात. क्रीम लावून झालं, डॉक्टरांनी बघितलं, काही दिसत नाही. तुमच्याकडे अशाला काय करतात?

मी म्हटलं, "तूप लावतात." माझ्या तोंडून निघून गेलं. मिरच्या हाताळल्यावर आपण लावतो ना, तसं.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग काचेच्या अगदी जवळ गेले, पाठपिशवीसकट. "अगं, बसमध्ये येऊन बस. निघायचंय."

"मी उतरलेय इथे," ताई म्हणाल्या. "तुम्ही पुढे जाऊ नका. मागे चालत यावं लागेल तुम्हाला."

त्या दिवसापासून ताईंनी खाणं सोडलं. आश्रमातून फोन आला, आता एका माणसाला आत सोडतो. तुम्हाला कळलंच असेल, असं कधी सोडायचे ते. ते आत गेले, निळा झगा, मास्क, हातमोजे. मी बाहेर बाकावर. एरवी डोक्यावरून सारखी विमानं जायची तिथे, बोलणं ऐकू यायचं नाही. त्या दुपारी बदकाच्या पायांचा आवाज येत होता.

बाहेर आले तेव्हा मास्क तसाच होता. मी विचारलं, "ओळखलं?"

"ओळखलं. म्हणाली, किती उशीर केलात." मग मास्क उतरवून, "तिच्या हाताला मिरचीचा वास येत होता, वहिनी. मास्कमधून आला."

ताई दुसऱ्या दिवशी गेल्या. अंत्यसंस्काराला आम्ही मोजकीच माणसं, खुर्च्या लांब लांब. भाऊजी रडले नाहीत. सगळ्यांना वाटलं, धक्का बसलाय. मला ते बसची वाट बघणाऱ्या माणसासारखे दिसले.

वर्षभर ते तसेच होते. बागेतलं गवत कापायचे, माझ्याकडून थालीपीठ न्यायचे, सुनेला इथल्या करखात्याचे कागद समजावून द्यायचे. वेड लागलेला माणूस असं करतो का? लशी झाल्या, सीमा उघडल्या, तसं त्यांनी अंतालियाचं विमानाचं तिकीट काढलं. मी म्हटलं, एकटे जाऊ नका, मुलाला पाठवते बरोबर. म्हणाले, "त्याला वळणं लागतील."

काशहून त्यांनी फोन केला. पाय दुखतायत, हॉटेलवाला चांगला आहे, उद्या पुढे जाईन. आवाजात नेहमीची चेष्टा होती. मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन. मागे इंजिनाचा आवाज, कोणीतरी खोकत होतं, तुर्की गाणं लागलं होतं. "वहिनी, ड्रायव्हरला विचारलं, मधे एखादं लहान गाव लागतं का. तो म्हणाला, हा रस्ता सरळ जातो, मधे कोणी उतरत नाही."

"मग झालं तर," मी म्हटलं. "जा पुढच्या शहरापर्यंत, फिरा, आणि घरी या. मी वाट बघते."

 गाणं बंद झालं. बसचा वेग कमी होताना कळतो ना फोनवरही, तसा कळला. मग ब्रेक. मग दार उघडल्याचा फुसकारा.

"भाऊजी, का थांबली बस?"

"आभाळ आलंय," ते म्हणाले. "ठेवतो, वहिनी. उचलू लागायला हवं."