मजल्यागणिक एक

बोर्डवरच्या ताईंनी लिफ्टमामांना पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. खाकी सदरा, मानेवर बारीक कापलेले केस आणि डोक्याच्या मानाने जरा मोठेच कान. लिफ्टच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून ते पितळी मूठ धरून होते. कचेरीतला ताईंचा तो पहिला दिवस, आणि महिन्याचा शेवटचा. माणसं एरवी एक तारखेला रुजू होतात. पण टेलिफोनचा बोर्ड सांभाळणारी आधीची मुलगी लग्न ठरल्यावर तडकाफडकी निघून गेली होती, आणि टेलिफोन काही एक तारखेची वाट पाहत वाजायचा थांबत नाही.

नवरा जाऊन ताईंना वर्षही झालं नव्हतं. त्या दिवसांत जो तो त्यांच्याशी आवाज खाली करून बोलायचा, जसं काही शेजारच्या खोलीत तान्हं मूल झोपलंय. त्या ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि मनात म्हणायच्या, संपलं का एकदाचं?

"कुठला मजला?" मामांनी विचारलं. आवाज खाली वगैरे काही नाही, चांगला खणखणीत.

"चौथा."

जाळीचं दार ओढलं गेलं, मूठ फिरली, आणि मान न वळवता मामा बोलू लागले.

"या महिन्यात आवडलेल्या गोष्टी. पहिली. कोपऱ्यावर एक गृहस्थ दोन्ही बूट शिवायला देऊन अनवाणी उभे होते. पायाखाली वर्तमानपत्र. बूट शिवून झाले तरी हलेनात. पायाखालची बातमी अर्धी राहिली होती."

पहिला मजला मागे पडला.

"दुसरी. बेकरीच्या मागच्या भिंतीला टेकून एक कुत्रं झोपतं. भट्टी त्याच भिंतीला आहे. कुणी शिकवलं असेल त्याला?"

दुसरा मजला.

"तिसरी. आमच्या लेकीनं स्वतःच्या हातानं वेण्या घातल्या. एक कानावर, एक पाठीवर. शाळेत तशीच गेली, ऐटीत."

तिसरा मजला.

"चौथी. आमचं आणि घरच्यांचं भांडण ऐन रंगात आलं आणि दूध उतू गेलं. ते आवरून परत बसलो, तर कुठपर्यंत आलो होतो ते दोघांनाही आठवेना. मग दुधावरून नवं काढलं."

लिफ्ट थांबली. आतली लादी आणि बाहेरची लादी इतकी बरोबर एका रेषेत, की वरून गोटी घरंगळत गेली असती. ताई उतरल्या. हसल्या बिसल्या नाहीत. माणूस थोडा सैल दिसतोय, एवढंच त्यांच्या मनात आलं.

दुपारी बोर्डवर वायरींची काढ-घाल करताना मात्र एकदम ते दूध आठवलं आणि हसू फुटलं. कानाला हेडफोन, तोंडापाशी माइक. स्वतःचंच हसू स्वतःच्या कानात ऐकू आलं. कितीतरी महिन्यांनी.

"काय झालं हो?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"काही नाही. जोडून देते," ताई म्हणाल्या.

चहाच्या वेळी जावकवाले काका भेटले. कचेरीतून बाहेर जाणारी सगळं टपाल त्यांच्या हातून जायचं म्हणून ते जावकवाले. बसायचे दुसऱ्या मजल्यावर. अंगाने भरलेले, जिभेने मोकळे. त्यांनी ताईंना सगळी रीत समजावली.

"महिनाअखेरीला आपण सगळे आपापला हिशेब मिटवतो ना, तसा मामा त्यांचा मिटवतात. मजल्यागणिक एक. खाली बारीकसारीक, वर वर चढत जायचं. सगळ्यात आवडलेली गोष्ट सहाव्यावर."

"म्हणजे सहाव्यावर कोण बसतं?"

"मोठे साहेब. एकटे." काकांनी कपाळावर हात मारला. "आणि ते लिफ्टमध्ये शिरले की वर्तमानपत्र जे उघडतात, ते सहाव्यावर मिटतात. महिन्यातला सगळ्यात चांगला माल त्या वर्तमानपत्राच्या पाठीवर जातो बघा. गाढवापुढे... जाऊ द्या, मला नोकरी करायचीय."

"मग मामांना खाली विचारायचं."

"विचारून बघा! म्हणतात, सहाव्याचा माल खाली उतरत नाही."

ताईंनी पुढे खरंच विचारून पाहिलं. मामा हसले आणि म्हणाले, "ताई, दिवसभर मी वर जातो नि खाली येतो. संध्याकाळी असतो तिथंच. मग महिन्याच्या शेवटी तरी थोडं वर गेल्यासारखं वाटायला नको? तीच गोष्ट तळमजल्यावर सांगितली तर चढायचं कशाला?"



तर महिनाअखेरीच्या सकाळी कचेरीतल्या माणसांना अचानक सहाव्या मजल्यावर कामं निघायची. कुणाला साहेबांच्या शिपायाकडून टाचण्या हव्या असायच्या, कुणाला गच्चीवर हवा खायची असायची. काका तर दर वेळी म्हणायचे, "चुकून वर आलो वाटतं," आणि मग दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने धापा टाकत उतरायचे. ताईसुद्धा बोर्ड पाच मिनिटं कुणाच्या तरी गळ्यात घालून वर जाऊ लागल्या.

पण खरा फरक पडला तो मधल्या दिवसांत. भाजी घेताना, मुलाचा गृहपाठ तपासताना, रस्त्यात उभ्या असताना ताईंना वाटायचं, हे मामांना आवडलं असतं. हे दुसऱ्या मजल्याचं आहे. हे चौथ्यावर खपेल. त्यांनी मामांना कधी काही सांगितलं नाही. पण नजर अशी एकदा उघडली की मिटत नाही. ज्या बाईला वर्षभर दिवस नुसते ढकलायचे होते, ती आता महिना संपत आला की मनाशी उजळणी करायची. काही महिन्यांत सहा गोष्टी भरायच्या नाहीत. एकदा तर तीनच भरल्या. पण शून्य कधी नाही.

अशी वर्षं गेली. आणि मग एका महिनाअखेरीला लिफ्ट अडकली.

दोष कुणाचा म्हणावा? मुंगी शिरायला जागा नव्हती इतकी माणसं आत शिरली होती, त्यात काका एकटेच दोघांच्या जागेचे. कोपऱ्यात साहेब, वर्तमानपत्र नाकापाशी धरून, कारण हात लांब करायलाही जागा नव्हती. मामा म्हणाले, "दोघंतिघं उतरा, लिफ्टला झेपायचं नाही." प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिलं. कुणी उतरेना. पाचवी गोष्ट सांगून झाली, पाचवा मजला गेला, आणि एक आचका देऊन लिफ्ट जागच्या जागी उभी राहिली. ना पाचवा, ना सहावा. समोर नुसती भिंत.

खाली घंटा गेली. मेस्त्री बोलावला गेला, तो गावात दुसऱ्या टोकाला राहायचा. आत घामाच्या धारा.

"मामा," काका म्हणाले, "आता अडकलोच आहोत तर सहावी सांगून टाका. तेवढाच वेळ जाईल."

"सहावा आला नाही."

"अहो, आता काय उरलंय? हातभर!"

"हातभर म्हणजे आला नाही."

"माणूस आहे की खांब! ताई, तुम्ही सांगा यांना, तुमचं ऐकतील."

ताई म्हणाल्या, "मीही थांबते."

काकांनी सुस्कारा सोडला. "बरं. मरताना माझ्या तोंडात पाणी घाला, आणि कानात ती सहावी सांगा."

साहेबांच्या वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्या गर्दीत ते कसं उलटलं देव जाणे.

शेवटी मेस्त्री आला. वरच्या खोलीत जाऊन हाताने चाक फिरवू लागला. लिफ्ट बोटाबोटाने वर सरकली. लादीला लादी लागली, मामांनी जाळी उघडली, आणि कुणीही बाहेर पडलं नाही. मामा म्हणाले:

"सहावी. माझी आई हल्ली मला ओळखत नाही. परवा तिच्याजवळ बसलो होतो तर मलाच म्हणाली, 'माझा मुलगा लिफ्ट चालवतो हो. तुम्हाला कधी वर जायचं असेल तर माझं नाव सांगा.'"

काकांनी रुमाल काढला आणि घाम पुसला. बराच वेळ पुसला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली. लिफ्टचालकाने उतारूंशी बोलू नये. मजला विचारण्यापुरतीच मुभा. खाली आस्थापना विभागाचा शिक्का. मामांना त्या विभागात बोलावून बजावण्यातही आलं की पुन्हा तक्रार आली तर त्यांची बदली शहराबाहेरच्या गोदामावर होईल. तिथे लिफ्ट नव्हती. मजलाच एक होता.

"साहेबांनीच घातला असणार घाव," काका चहाला म्हणाले. "घामाने वर्तमानपत्र भिजलं ना त्यांचं!"

मामांनी तोंडाला कुलूप लावलं. आई घरी तशी, लेक शाळेत. नोकरी पणाला लावण्यासारखी परिस्थिती नव्हती. "कुठला मजला?" एवढंच बोलायचे, आणि तेही असं, की जणू तो आवाज दुसऱ्याकडून उसना आणलाय. महिनाभर माणसं लिफ्टमध्ये आपापल्या बुटांकडे पाहत उभी राहायची. ताईंनी पाहिलं, मामांचं रस्त्यावर लक्ष नसायचं हल्ली. पूर्वी जाळीतून दारापर्यंतचं सगळं टिपायचे. आता मूठ पुसत बसायचे. ताईंना ते पुसणं ओळखीचं वाटलं. नवरा गेल्यावर त्यांनी स्वतःच्या घरातली भांडी अशीच पुसली होती, स्वच्छ असलेली.

असाच राहिला हा माणूस तर त्याचं काय होईल, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

महिनाअखेर आली. लिफ्टमध्ये तिघंच. स्टुलावर मामा, कोपऱ्यात वर्तमानपत्र, आणि ताई.

"कुठला मजला?"

"चौथा," ताई म्हणाल्या. जाळी ओढली गेली, मूठ फिरली, आणि समोरच्या भिंतीकडे पाहत त्यांनी सुरुवात केली.

"या महिन्यात आवडलेल्या गोष्टी. पहिली. माझ्या मुलाला मिसरूड फुटलंय. दिवसातून चारदा आरशात बघतो, आणि मी आले की दात बघत होतो म्हणतो."

मामांची मान ताठ झाली. वर्तमानपत्र स्थिर.

"दुसरी. एका बाईंनी चुकीचा नंबर लावला. मी चूक सांगितली तर म्हणाल्या, असू दे, तुझा आवाज चांगला आहे, बरी आहेस ना? मी म्हटलं, बरी आहे."

"तिसरी. शेजारच्या आजोबांनी नवी छत्री घेतली. ऊन नाही, पाऊस नाही. संध्याकाळी गॅलरीत ती उघडून नुसते तिच्याखाली बसले होते."

"चौथी," ताईंनी सूचनेकडे बोट दाखवलं. "चौथी अशी, की सूचना चालकासाठी आहे. उतारूंनी बोलू नये असं तिच्यात कुठे म्हटलेलं नाही. मी दोनदा वाचली."

चौथा मजला आला. मामांचा हात मुठीवर होता. मूठ हलली नाही. चौथा मजला जाळीसमोरून सावकाश खाली गेला.

ताईंनी एवढ्याच तयार केल्या होत्या. "पाचवी... पाचवी म्हणजे, आता माझा मजला आला आणि गेला."

मामांचे कान लाल झाले होते. मागून एवढंच दिसत होतं.

लिफ्ट वर चढत राहिली.

"आणि सहावी?" वर्तमानपत्रामागून आवाज आला.

ताई वळल्या. "सहावी... भरली नाही, साहेब."

वर्तमानपत्र खाली आलं. इतक्या वर्षांत साहेबांचा चेहरा ताईंनी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. थकलेला, चष्म्याच्या खुणा पडलेला, साधाच चेहरा.

"मग मी सांगतो," साहेब म्हणाले. "खरं तर गेल्या महिन्यातली आहे. चालत असेल तर." त्यांनी घसा साफ केला. "ही लिफ्ट अडकली होती. इतकी माणसं माझ्याबरोबर इतका वेळ आधी कधी थांबली नव्हती. मला फार आवडलं."

लादीला लादी लागली. मामांनी जाळी उघडली. साहेब बाहेर पडले, दोन पावलं गेले आणि वळले. "ती कुत्र्याची भिंतसुद्धा चांगली होती," ते मामांना म्हणाले. "तुम्ही दुसऱ्यावर घातलीत. मी पाचव्यावर घातली असती."

मामा स्टुलावरून उठून उभे राहिले होते.

सूचना नंतर कुणी काढली नाही, आणि कुणी पाळलीही नाही. मामांच्या निवृत्तीपर्यंत ती तिथे पिवळी पडत लटकत होती. त्यानंतर लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की काका नेहमी आधी उतरायचे आणि जिन्याने वर जाऊन सहाव्यावर जाळीबाहेर कान देऊन उभे राहायचे.

काका आता नाहीत. साहेब निवृत्त झाल्यावर कुठे गेले ते कुणाला ठाऊक नाही. त्या इमारतीत हल्ली बटणांची लिफ्ट आहे. मजला आला की आतून एका बाईचा आवाज आकडा सांगतो. ताई एकदा कामासाठी गेल्या होत्या. सवयीने सहाव्यापर्यंत कान टवकारून उभ्या राहिल्या. आकड्यापुढे ती काही बोलली नाही.

ताईंचेही केस पांढरे झाले आहेत. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मात्र त्या ठरल्याप्रमाणे निघतात आणि कठड्याला धरत धरत मामांच्या लेकीच्या घराचा जिना चढतात. वरून हाक येते, "कुठला मजला?" मग मामा त्यांच्या गोष्टी सांगतात, ताई आपल्या सांगतात. हल्ली दोघांच्याही तीनच असतात. पहिल्यांदा ताई म्हणाल्या होत्या, "एवढ्याच, मामा?" तर म्हणाले, "इमारतच तेवढी आहे, ताई. मी काय करू?"

लिफ्टमामा आता लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहतात. गुडघ्यांमुळे सहसा खाली उतरत नाहीत. त्या इमारतीला लिफ्ट नाही.