भिंगाच्या दोन डब्या

मोतीबिंदू निघाला, पट्टी सुटली, लख्ख दिसायला लागलं, तेव्हा तुम्ही हात कुणाला जोडलेत? डॉक्टरांनाच ना? ज्या बाईने तुमचा डोळा मोजून आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढला, तिच्याकडे वळून तरी पाहिलंत का? मीही पाहिलं नव्हतं. आईच्या ऑपरेशननंतर मी डॉक्टरांपुढे वाकलो आणि त्या बाईंना म्हणालो, "जरा बाजूला व्हा हो."

त्या बाई नेत्रसहाय्यक आहेत. बावीस वर्षं एकाच दवाखान्यात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. हनुवटी टेका, हिरव्या दिव्याकडे बघा, हलू नका. प्रत्येक डोळा तीनदा मोजायचा, तिन्ही आकडे जुळले तरच कागदावर लिहायचं. थेंब घालायच्या खोलीत त्यांचा आवाज बाहेरपर्यंत यायचा. "आजोबा, डोळा उघडा म्हटलं, तोंड नाही! थेंब तिथे घालायचा नाहीये."

डॉक्टर चारचौघांत म्हणायचे, "मी नुसता हात चालवतो. डोळा वाचतात त्या मावशी." मावशी या वाक्यावर बावीस वर्षं जगल्या. वेड्याच म्हणायच्या.

सगळ्यांच्या मावशी असल्या तरी त्यांची सख्खी भाची एकच. बहीण गेली तेव्हा ही पोर सहा वर्षांची. हिला वाढवलं, नर्सिंगला घातलं, डॉक्टरांकडे शब्द टाकून ऑपरेशनच्या खोलीत लावून दिलं.

आता त्या दिवसाचं ऐका. मावशी सकाळी यादीच्या क्रमाने भिंगांच्या डब्या ट्रेमध्ये मांडतात. पहिला पेशंट, पहिली डबी. भाचीने डबी फोडताना नाव आणि नंबर मोठ्याने वाचायचा, डॉक्टरांनी तोच परत म्हणायचा, मगच भिंग डोळ्यात. त्या दिवशी पहिल्या होत्या शिवणकाम करणाऱ्या एक काकू, नंबर चोवीस. दुसऱ्या क्रमांकावर एक गृहस्थ, नंबर एकोणीस. गृहस्थ डॉक्टरांच्या ओळखीतले, त्यांना घाई. डॉक्टर म्हणाले, "यांना आधी घ्या."

मावशींनी दारातून डोकं आत घातलं. "अगं, क्रम बदललाय! डब्या फिरव."

"हो गं मावशी, कळलं!"

कळलं, पण फिरवल्या नाहीत. घाईत नाव-नंबर वाचलाही नाही. काकूंचं भिंग गृहस्थांच्या डोळ्यात गेलं आणि गृहस्थांचं काकूंच्या.

आठवड्याने काकू आल्या. सुईचं नाक सोडा, समोरच्या दुकानाची पाटी दिसेना. मावशींनी केसपेपर उघडला. बसवलेल्या भिंगाचं लेबल त्यावर चिकटवलेलं असतं. लेबल एकोणीसचं, आणि शेजारच्या पानावर मावशींच्याच अक्षरात चोवीस. त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मोजणीचं पान नवीन लिहा. एकोणीस टाका. काकूंना चष्मा देऊ, विषय संपला."

"डॉक्टर, मी तीनदा मोजलंय. चोवीसच आहे."

"मग चौथ्यांदा मोजा, मावशी."

मावशींनी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पान केसपेपरातून गायब. पंधरवड्यात काकूंच्या तक्रारीवरून चौकशी लागली. सहाय्यकाने मोजणीत चूक केली, असं डॉक्टरांनी लेखी दिलं. खाली साक्षीदाराची सही होती, भाचीची.

मावशी तिच्या घरी गेल्या. ती भांडी घासत होती, मान वर करेना.

"मी दारातून ओरडले होते का नाही?"

"मावशी, मला घर चालवायचंय."

"मला सांगतेस? ते घर उभं कुणी केलं गं?"

नळ चालूच राहिला. ज्या हाताला धरून शाळेत पोचवलं, त्याच हाताने केसाने गळा कापला. डॉक्टरांचं मी समजू शकतो, खुर्ची वाचवणारी जात ती. पण अस्तनीतला निखारा काय असतो, ते मावशींना विचारा. नाहीतर विचारू नका, त्या सांगणार नाहीत. माझ्यासमोर एवढंच म्हणाल्या, "चुकायचंच होतं तर बावीस वर्षं कशाला थांबले असते मी?"

सोमवारी चौकशीचा निकाल आहे. दोष लागला तर मावशींची नोंदणी रद्द होईल, पुन्हा कुणाच्या डोळ्याला हात लावता येणार नाही. गृहस्थांची फाइल, नाव-पत्त्यासकट, दवाखान्यात "सापडत नाही." वा रे वा! पण ऑपरेशननंतर प्रत्येक पेशंटला भिंगाच्या नंबराचं छोटं कार्ड देतात, ते पेशंटच्या घरी असतं. काकूंच्या कार्डावर एकोणीस आहे. गृहस्थांच्या कार्डावर चोवीस असणार. दोन्ही शेजारी ठेवली की अदलाबदल आंधळ्यालाही दिसेल. गृहस्थ तक्रार करायचे नाहीत, कारण मावशी सांगतात, असं भिंग बसलं की जवळचं झकास दिसतं, लांबचं तेवढं धूसर.

तेव्हा साहेब, गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तुमचं ऑपरेशन झालं असेल, हा मजकूर तुम्ही बिनचष्म्याने वाचत असाल आणि रस्त्यापलीकडचा ओळखीचा माणूस ओळखू येत नसेल, तर कपाट उघडा, ते कार्ड शोधा आणि सोमवारी अकराच्या आत चौकशीच्या खोलीत घेऊन या.