उन्हात घातलेली बुरशी

बस की जवळ, बाई. उभ्याउभ्या काय वाचायलीस? आन् बुरशीचं नाव काढलं की नाक मुरडू नको. आमच्या घरची वर्षाची डाळ एकदा बुरशीवरच टेकली होती.

वालूरच्या शिवारात आमची तूर शेंगांवर आली आन् शेंगा पोखरणारी घाटेअळी पडली. आमी बायका खाली जुनं लुगडं अंथरून झाडं हलवायचो, पडलेल्या अळ्या कोंबड्यांना टाकायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच. तवा परभणीहून शेतकीचे एक साहेब आले. शिजवलेल्या ज्वारीवर वाढवलेली पांढरी बुरशी त्यांनी दोन पिशव्या भरून आणली. अळीला लागून तिला मारते, म्हणाले. "सावलीत ठेवा, उद्या येऊन फवारू."

सकाळी मी पाणी भरून आले, तर सासूबाईंनी एक पिशवी सुपात ओतून अंगणात घातलेली. पापडाला, कुरडईला, कशालाबी बुरशी आली की ऊन दाखवायचं, ही त्यांची रीत.

साहेब आले आन् सुपापाशी वाकले. "आजी, उन्हानं मेली की ही."

"मरावी म्हणूनच घातली," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांना हसू आलं. पण दुसरी आणणार कशी? विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटी बंद, ते स्वतःच कुणाच्या तरी फटफटीवर आलेले. उरलेली पिशवी पाण्यात कालवून फडक्यानं गाळली. "मागं एका ठिकाणी सकाळी फवारून फसलो," ते म्हणाले, आन् दिवस कलल्यावर ओढ्याकडची निम्मी तूर फवारली. तिथं दव टिकतं, आन् ह्या बुरशीला ओल लागते.

चार दिवस काहीच न्हाई, अळ्या खायल्याच. आमचे मालक विषारी पावडर धुरळायला निघाले. सासूबाई बांधावर आडव्या.

"निम्मी मी घालवली. हिला हात लावू नको."

"डाळ न्हाई झाली तर काय शिजवशील, आय?"

"अंबाडी," त्या म्हणाल्या.

मग आभाळ भरून आलं, हवा दमट झाली. अळ्या शेंगांवरच ताठ व्हायला लागल्या, पीठ भुरभुरल्यासारख्या पांढऱ्या. साहेब सांगून गेलते, मेलेली झाडावरच ऱ्हाऊ द्या, तिची बुरशी दुसरीला लागते. सासूबाई कुणाला बोट लावू देईनात.

वरल्या अंगाच्या शेंगा पोकळ निघाल्या, ओढ्याकडच्या भरल्या. डाळ वर्षभर न्हाई, पण पावसाळा लागेस्तोर पुरली.

यंदाबी तूर फुलात हाय. शेंगा भरायच्या आत येऊन जा, बाई. पांढरी अळी दिसली तर झाडावरच दाखवीन. लय दिवस लावू नको.