यूफंग मावशीची बदकं

चीनमधल्या शाओशिंगजवळच्या आमच्या गावात यूफंग मावशीनं तीस वर्षं बदकं पाळली. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा निम्मी विकली आणि माझ्याबरोबर शेन मास्तरांच्या चित्रांच्या वर्गात नाव घातलं.

मास्तर कडक. पहिले सहा महिने नुसता बांबू. मावशी शाई उगाळता उगाळता पुटपुटायची, "एवढ्यात खरा बांबू तोडून कुंपण झालं असतं माझं." मास्तरांची पाठ वळली की तिच्या कागदाच्या कोपऱ्यात बदक उमटायचं. डोकं पाण्यात, बूड वर.

"हे काय?" मास्तर कडाडले.

"जेवतंय बिचारं."

"चित्रात क्रौंच शोभतो, बाई. हे नाही!"

वसंतात शेजारच्या मिंगचूचं लग्न ठरलं. तिनं हट्टानं मावशीकडेच चित्र मागितलं. जन्मभराच्या सोबतीची खूण म्हणून लग्नात मंदारिन बदकांच्या रंगीत जोडीचं चित्र द्यायचं, ही जुनी रीत. मावशीनं मास्तरांची नमुन्यांची वही आणली, चार दिवस कागद फाडले आणि पाचव्या दिवशी वही मिटून ठेवली. "न पाहिलेलं पाखरू काढू कसं गं?" मग तिनं काळ्या शाईत आपलीच जोडी काढली. लव्हाळ्यात मादी चोच वासून ओरडतेय, नर मान खाली घालून ऐकतोय.

लग्नाच्या जेवणात चित्र उलगडलं. नवऱ्या मुलाची आई किंचाळली, "अगं बाई, ही तर रश्श्यातली बदकं!"

मला टेबलाखाली लपावंसं वाटलं. मावशी लालबुंद झाली, पण बोललीच. "खातो ना, खातो. पण रानमांजर शिरलं, तेव्हा हा हिला सोडून पळाला नाही. ही रोज अशी बोलते, तरीसुद्धा."

मुलाच्या वडिलांनी चष्मा लावला, चित्र निरखलं. "हा मान खाली घातलेला मीच वाटतं."

सगळे खदखदून हसले. मुलाच्या आईनं आपल्या नवऱ्याला चॉपस्टिकचा फटका दिला आणि स्वतःही हसत सुटली. चित्र त्यांच्या जेवणघरात लागलं.

गोष्ट मास्तरांच्या कानावर गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी कागद, कुंचला घेऊन बदकांच्या खुराड्यापाशी हजर, पालथ्या टोपलीवर बसले. "चाळीस वर्षं वहीतूनच काढत आलो," एवढंच म्हणाले.

दुपारी मावशी त्यांच्या खांद्यावरून डोकावली. "मास्तर, शेपटीचं हे वळलेलं पीस नराचं. तुम्ही मादीला डकवलंत."

मास्तरांनी मुकाट्यानं नवा कागद घेतला. मावशी चहा आणायला म्हणून घरात पळाली. खरं तर हसू दाबायला.