माझ्या नावाची हजेरी

जवळा बाजारच्या फाट्यावर एसटी थांबली, तेव्हा मायनं दशम्यांचं फडकं माझ्या हातात कोंबलं आणि अप्पांनी एवढंच विचारलं, "कागदं समदे घेतलेस न्हवं?" मी हो म्हणालो. ते खोटं होतं. प्रादेशिक सेनेत, म्हणजे वर्षातले काही महिने वर्दी आणि बाकीचे महिने आपला कामधंदा अशा राखीव पलटणीत, माझी निवड झाली होती. तिकडे जाण्याआधी हिंगोलीतल्या कॉलेजच्या छात्रसेनेतून, म्हणजे एनसीसीतून, नाव काढायचं, गणवेश जमा करायचा आणि तसा कागद सोबत न्यायचा होता. मी तो नेलाच नाही. त्याऐवजी 'आता मी कॅडेट नाही' असं खोटंच सही करून लिहून द्यायचं मी मनात ठरवून टाकलं होतं. माझा कॅडेटचा गणवेश, छातीवरच्या 'नितीन' या पाटीसकट, त्या वेळी संतोषच्या पिशवीत होता. आणि संतोष माझी ट्रंक बसमध्ये चढवत होता.

संतोष म्हणजे सरूमावशीचा एकुलता एक. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठी आमचं गाव, आणि त्यांचं दार आमच्या दारासमोर. छात्रसेनेच्या निवडीत तो उंचीत बोटभर कमी भरला होता. त्याचं दुःख त्यानं कधी लपवलं नाही. हिंगोलीत झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता, तिथंच राहायचा, आठवड्यातून एकदा गावी यायचा. माझी छात्रसेनेची शेवटची परीक्षा फेब्रुवारीत होती. तिचं सर्टिफिकेट असलं की पुढे कायमच्या फौजेच्या भरतीत वजन पडतं, पण परेडची हजेरी भरायला हवी. परेडला नवा हवालदार आलेला, त्याला अजून चेहरे माहीत नव्हते. मी संतोषला म्हणालो, रविवारी माझ्या जागी तू उभा राहा. तो इतका खूश झाला, की मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. रांगेतल्या पोरांनीही हसत हसत होकार दिला. घरी मात्र कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

नाशिकचं पहिलं ट्रेनिंग अंगावर आलं. शिट्टी वाजली की धावत फॉलिन व्हायचं, म्हणजे रांगेत उभं राहायचं, मेसमध्येही रांग, तोंडात सदा हिंदी. दशम्या तिसऱ्या दिवशी संपल्या, फडकं मात्र मी धुतलं नाही. फोन जमा असायचे, रविवारी संध्याकाळी तासभर हातात मिळायचे. पहिला फोन मायला, दुसरा संतोषला. तो सांगायचा, "आज तू बराबर टायमावर हजर होतास. हवालदार म्हणला, नितीन, टाच झकास मारतो तू." आम्ही दोघं खो खो हसायचो.

पुढे तो सांगायला लागला, "नितीनला पुढच्या रांगेत घेतलं." मग, "नितीनला आज शाबासकी मिळाली." यात हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. पंधरा ऑगस्टनंतर त्यानं परेडचा फोटो पाठवला. पुढच्या रांगेत मी त्याला शोधत होतो. टोप्यांखालचे चेहरे एकेक करून तपासले, तरी संतोष सापडेना. माझी नजर पुन्हा पुन्हा एकाच कॅडेटवर थांबत होती, आणि तो मी होतो. फोन ठेवला, पुन्हा उघडला, तेव्हा कुठे तो संतोष असल्याचं दिसलं.

त्याच आठवड्यात माय रुसून बोलली. "तू हिंगोलीला येऊन राहिला अन् घरी काहून येत न्हाईस?" गावातल्या कुणीतरी मला स्टँडजवळ कॅडेटांच्या घोळक्यात पाहिलं होतं.

"दुसरा कुणी असंल, माय."

"तोंड टोपीखाली व्हतं, पर छातीवरचं नाव वाचलं म्हणं त्यानं." आणि मग हळूच, "आमची काही तकलीफ झाली का रं तुला?"

खरं सांगितलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं. मी सांगितलं नाही. नाशिकला सकाळच्या हजेरीत माझं नाव पुकारलं जायचं, तेव्हा मी क्षणभर थांबायला लागलो. दुसरं कुणीतरी ओ देईल असं वाटायचं. कवायत शिकवणारा उस्ताद खेकसला की मी दचकून ओरडायचो.

मायची समजूत काढायला मी म्हणालो, गणपतीत सुट्टी मिळतेय, विसर्जनाला नक्की येतो. सुट्टी रद्द झाली. तोवर फोन जमा झालेले होते.

विसर्जनाच्या दिवशी काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. हिंगोलीत कयाधू नदीला पाणी चढलं होतं. काठावर दोर धरून कॅडेट उभे होते. एक माणूस मूर्तीबरोबर खोलात ओढला गेला, आणि संतोष दोर सोडून पाण्यात उतरला. तो माणूस वाचला. संतोष प्रवाहात खाली बऱ्याच अंतरावर सापडला. पोलिसांनी पोरांना त्याचं नाव विचारलं. खरं सांगितलं तर सगळ्यांचीच परीक्षा बुडणार. पाटीवर जे नाव होतं, तेच त्यांनी सांगितलं.

मी मेल्याची बातमी पोलीस पाटलानं आमच्या दारात सांगितली. मायला खात्री करावीशीही वाटली नाही, मी हिंगोलीत असतो हे तिला ठाऊकच होतं. अप्पा जीप करून दवाखान्याकडे निघाले, ते मिरवणुकांच्या गर्दीत वाटेतच अडकले. गाव आमच्या अंगणात जमलं, आणि सगळ्यांत आधी धावली ती सरूमावशी. मायचं डोकं मांडीवर घेऊन ती दुपारभर माझ्यासाठी रडली.

रविवारच होता, दिवस मावळताना फोन हातात आले. सुट्टी रद्द झाल्याचं सांगायला मी घरी लावला. मायला उठवत नव्हतं, म्हणून सरूमावशीनं उचलला.

"माय, मी नितीन."

पलीकडून मोठ्ठा श्वास आला. "नित्या? तू बोलून राहिला? शांते, ऊठ! तुझं लेकरू जित्तं हाय! जित्तं हाय गं!" मागचा आक्रोश एकदम थांबला. मावशी हसत होती, रडत होती, देवाचं नाव घेत होती. इतका आनंद माझ्या नावानं कुणाला झालेला मी आजवर ऐकला नाही. मला अजून काहीच माहीत नव्हतं. मग तीच, जरा बुचकळ्यात पडून, म्हणाली, "मंग तुझ्या नावाचं ते लेकरू कोणाचं हाय रं, हिंगोलीच्या दवाखान्यात?"

मला कळलं. त्या अख्ख्या अंगणात कुणालाच माहीत नव्हतं, ते मला शेकडो मैलांवर माहीत होतं. मी फोन कट केला. आयुष्यात याहून हलकट काम मी केलेलं नाही.

चौकशीत मी सगळं लिहून दिलं. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याचं होतं तेच झालं, परीक्षाही गेली आणि पलटणही. नाशिकलाच कारखान्यात लागलो. शिफ्ट, ओव्हरटाइम, भाड्याची खोली. गावात राहिलेल्यांनो, मी परत का येत नाही असं तुम्ही विचारता. आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही विचारता की मी गावी जायला इतका का कचरतो. दोघांनाही उत्तर एकच आहे.

मी गावी गेलो की आधी सरूमावशीच्या दारात जातो. ती मला आजवर एका शब्दानं बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं. चहा देते, नाशिकच्या पाण्यापावसाचं विचारते. निघताना म्हणते, "त्या साली तो तुझ्यावानी चालायला लागला होता. म्या म्हणायची, आपल्याच लेकराची चाल कशी बदलली? जा बाबू, सावकाश जा. पाहू दे."

मग मी त्या दारातून आमच्या दाराकडे चालत जातो. वीस-पंचवीस पावलांचं अंतर. समोर माझी माय उभी असते, येणाऱ्या नितीनकडे बघत. माझं घर आता तेवढंच, त्या दोन दारांमधलं. मागे सरूमावशी जाणाऱ्याकडे बघत असते, आणि मागे वळून पाहायची माझी छाती होत नाही.