तीनदा धुतलेला डबा

मूल गावच्या राइस मिलसमोर देवाजीचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक चार्जर आणि तेजाबाच्या शिंतोड्यांनी चाळणी झालेल्या पँटीतला देवाजी. पँटीतून वारा आरपार जायचा, पण देवाजीचा तोरा जागचा हलायचा नाही. ट्रकवाला येवो की ट्रॅक्टरवाला, मंत्र एकच, "बॅटरी म्हंजे म्हैस हाय जी! येळेवर पानी पाजा, मंग पाहा!"

मेलेल्या बॅटरीतलं शिसं भंगारवाला न्यायचा, तेजाब मागच्या खड्ड्यात जायचं. उरायचा तो कप्प्याकप्प्यांचा काळा डबा. तो देवाजी आळीत फुकट वाटायचा, आणि वाटताना असा हात करायचा, की जणू गावच दान करून राह्यला.

शेजारच्या कलाबाईनं कोंबड्यांच्या पाण्यासाठी एक मागितला. "धुतला हाय ना जी?"

"तीनदा!" देवाजीनं तीन बोटं नाचवली.

खरं तर त्यानं गडूभर पाणी फिरवून ओतून दिलं होतं. तळाशी राखाडी गाळ चिकटलेला त्याला दिसलाही होता. पण गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

पंधरा दिवसांत कलाबाईच्या कोंबड्या एकेक करून माना टाकू लागल्या. नऊ गेल्या, एक कोंबडा उरला.

जंगलातल्या पाच-दहा झोपड्यांच्या टोल्यावरची बुधरी दर बाजाराला चारोळी घेऊन यायची. गाठोडं कलाबाईच्या ओसरीवर टेकवायची आणि कोंबड्यांना मूठभर कुटकीचे दाणे टाकायची. त्या बाजारी कलाबाईनं तिला भर रस्त्यात धरलं.

"औषध लावलेलं बियानं टाकलं तू! तुह्या कुटकीनंच मेल्या माह्या कोंबड्या!"

"नाई व बाई. मीबी तेच खातो."

बुधरीनं कच्ची कुटकी मुठीनं तोंडात कोंबली आणि करकर चावली. "पाय, मरतो का मी?"

लोक फिदीफिदी हसले. त्यांच्यात देवाजीही हसला. हसता हसताच त्याला तो राखाडी गाळ आठवला, पण हसू तोंडावर तसंच राहिलं.

पुढच्या बाजारी बुधरी मिलच्या भिंतीला टेकून, उन्हात बसली होती. कलाबाईची ओसरी तिला बंद झाली होती. देवाजीनं एका ट्रॅक्टरवाल्याला सुरुवात केली, "बॅटरी म्हंजे म्है..." आणि तिच्याकडे नजर जाताच थांबला. उठला, कलाबाईच्या अंगणात गेला. उरलेला कोंबडा डब्यातच चोच घालत होता. देवाजीनं त्याला हुसकलं आणि डबा उचलला.

"काऊन जी? देल्लेला डबा वापस नेऊन राह्यले?"

"याच्यात शिशाचा गाळ हाय बाई. मी धुतलाच नोता. बुधरीच्या दान्यात काई नोतं."

कलाबाईनं तीन बोटं वर केली आणि हुबेहूब त्याच्याच आवाजात म्हणाली, "तीनदा!" देवाजीची मान खाली गेली.

"मले कायले सांगता? मी तिले जेवढ्या जोरानं बोलली, तेवढ्याच जोरानं सांगा. चला!"

देवाजीनं बाजारात सांगितलं, चारचौघांत, डबा हातात धरून. बुधरी गाठोड्याची गाठ आवळत ऐकत होती.

"मी दाने चावत होतो तवा तू हासला होता, भाऊ."

देवाजीनं डबा खाली ठेवला. उन्हानं तिचे ओठ सुकले होते. तो धावत दुकानातून गडूभर पाणी घेऊन आला. बुधरीनं गडूकडे पाहिलं, मग त्याच्या पँटीच्या भोकांकडे. "राहू दे," ती म्हणाली आणि पाणी प्यायला कलाबाईमागोमाग ओसरीवर गेली.

देवाजीनं त्याच दिवशी तेजाबाच्या खड्ड्यात चुना टाकला आणि वाटलेले डबे परत आणायला निघाला. पहिलंच घर गिरजाबाईचं. तिनं डब्यात तुळस लावली होती.

"डबा वापस पाह्यजे," तो पुटपुटला. "धुतला नोता."

गिरजाबाई ठार बहिरी. "का म्हन्ते?"

देवाजीनं मागे पाहिलं. आळीतल्या बाया दारात आल्या होत्या.

"धुतला नोता!" तो ओरडला. अजून दहा घरं होती.